तेल्यासाठी गावसमिती निवडायची कशी: मतदार यादीपासून पहिल्या पाहणीपर्यंत

डाळिंबावरचा तेल्या हा एका बागेचा रोग नाही. झँथोमोनास हा जिवाणू पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, वाऱ्याबरोबर, छाटणीच्या कात्रीवरून आणि रोगट रोपांतून बांध ओलांडतो. एकाने कितीही बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण) मारले आणि शेजारची सोडून दिलेली बाग तशीच उभी राहिली, तर पहिल्या वादळी पावसात खर्च पाण्यात जातो. सटाणा-मालेगावपासून सांगोला-आटपाडीपर्यंत सगळ्यांना हे माहीत आहे. तरीही गावागावांत 'तेल्या निर्मूलन समिती' एका बैठकीत जाहीर होते, तिचा फलक लागतो आणि दुसऱ्या बहारापर्यंत, म्हणजे फुला-फळांच्या पुढच्या हंगामापर्यंत, ती संपते. औषध चुकीचे होते म्हणून असे क्वचितच घडते. समिती मोजक्या चांगल्या बागायतदारांनी आपसांत ठरवलेली असते आणि ज्याच्या बागेत रोग आहे त्याने तिला कधी मत दिलेले नसते, हे खरे कारण. मग तो तिला बांधावर का येऊ देईल?

म्हणून समिती निवडून आलेली हवी आणि मतदार यादीत रोगट, पडीक व सोडून दिलेल्या बागांचे मालक आधी हवेत. खालची पद्धत साधारण १०० ते १५० बागा असलेल्या गावासाठी आहे. बागा कमी असतील तर गट कमी करा, नियम तेच ठेवा.

समितीला अधिकार कुठून येतो

गावसमितीला कुणाचे झाड उपटण्याचा, दंड करण्याचा किंवा परवानगीशिवाय बागेत शिरण्याचा कायदेशीर अधिकार नाही. १९४७ च्या मुंबई कृषी कीड व रोग कायद्यात तसे अधिकार आहेत, पण ते शासनाचे. शासनाने अधिसूचना काढून रोग आणि बाधित क्षेत्र जाहीर करायचे, उपाय ठरवायचे आणि निरीक्षक नेमायचे, अशी त्या कायद्याची रचना आहे. समितीच्या नोटिशीवर या कायद्याचा हवाला छापून लोकांना घाबरवण्याचा मोह होतो. तो टाळा. गावात एक तरी वकील असतोच.

मग समितीचा अधिकार दोन कागदांवर उभा राहतो. पहिला ग्रामसभेचा ठराव. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ४९ खाली ग्रामपंचायतीला विकास समित्या नेमता येतात. पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पातली ग्राम कृषी संजीवनी समिती याच कलमाखाली झाली होती. तुमच्या गावात अशी कृषी समिती आधीच असेल तर तेल्याची समिती तिची उपसमिती म्हणून ठरावात घ्या. दोन समांतर समित्या झाल्या की आधी भांडण होते, काम नंतर. कलम ४९ च्या समितीला सदस्यसंख्या आणि महिला व मागासवर्गीय प्रतिनिधित्वाचे नियम लागू होतात, ते ग्रामसेवकाकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.

दुसरा कागद जास्त महत्त्वाचा: प्रत्येक बागायतदाराचे संमतिपत्र. 'समितीच्या पाहणी पथकाला दोन दिवस आधी कळवून माझ्या बागेत येण्यास, रोगाची नोंद करण्यास व ती नोंद गावात लावण्यास माझी संमती आहे.' एवढेच वाक्य पुरे. संमतिपत्र मतदार यादीच्या अर्जातच छापा. सही केली तरच नाव यादीत, अशी अट घातली की मत आणि जबाबदारी एकाच कागदावर येतात.

समितीला वर्गणी गोळा करायची असेल आणि बँक खाते हवे असेल तर नोंदणीचा प्रश्न येतो. संस्था नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात जण लागतात. गावात आधीच शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिच्या नावावर वेगळे खाते काढणे सोपे पडते, फक्त कंपनीच्या संचालकांना आपोआप समितीत जागा देऊ नका.

तारखा बहारावरून ठरवा

निवडणूक बागेच्या ताणाच्या काळात, म्हणजे बहार धरण्याआधी बागेचे पाणी तोडलेले असते तेव्हा व्हावी. नवी समिती छाटणीच्या आधी कामाला लागली पाहिजे. मृग बहाराच्या गावात (फुलोरा जून-जुलै) वेळापत्रक असे बसते:

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव. फेब्रुवारीत नावनोंदणी. १ मार्चला कच्ची यादी ग्रामपंचायत, सोसायटी आणि दूध डेअरी अशा तीन ठिकाणी लावायची. हरकतींना १० दिवस. २० मार्चला पक्की यादी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज, मध्यावर मतदान. १ मेच्या ग्रामसभेत समितीची नोंद. मेमध्ये पहिली पाहणी.

आंबिया बहाराचे (फुलोरा जानेवारी-फेब्रुवारी) गाव असेल तर हेच १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना जोडा. सर्वसाधारण ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी लागते आणि गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल ती. ती नसताना 'सर्वानुमते मंजूर' लिहिलेला ठराव पुढे पहिल्याच तक्रारीत पडतो. सही-अंगठ्यांचे पान मोजून मगच ठराव मांडा.

मतदार यादी: इथे घाई नको

ग्रामसभेची मतदार यादी जशीच्या तशी वापरता येत नाही. तिच्यात बाग नसलेलेही आहेत आणि बाग असलेले पण पुण्या-नाशिकला राहणारे नाहीत. वेगळी यादी करावी लागते. सुरुवात सातबारा आणि ई-पीक पाहणीच्या नोंदींपासून करा, पण तिथेच थांबू नका. ई-पीक पाहणीत नोंद न केलेली बाग, बांधावर लावलेली पन्नास झाडे, तीन वर्षांपूर्वी पाणी तोडलेली बाग हे सगळे शिवारात फिरूनच सापडते. तेल्याचा साठा नेमका अशाच ठिकाणी असतो, कारण गळलेली रोगट पाने आणि वाळलेली फळे तिथून कुणी उचललेली नसतात.

यादीचे रकाने असे ठेवा: अनुक्रमांक, गट नंबर, सातबाऱ्यावरचे नाव, प्रत्यक्ष बाग कसणाऱ्याचे नाव, झाडांची संख्या, वाण, लागवडीचे वर्ष, धरलेला बहार, शेवटची छाटणी, बागेची स्थिती (चालू, विश्रांतीत, सोडलेली), सही. झाडांचा आकडा पडताळायला सोपा हिशेब आहे. ४.५ बाय ३ मीटर अंतरावर एकरी सुमारे ३०० झाडे बसतात. दोन एकरांत कुणी २०० झाडे सांगत असेल तर एकदा ओळी मोजून या.

मत कुणाला, यावर वाद होणारच. नियम आधी लिहून ठेवा:

एका बागेला एक मत, झाडे ५० असोत वा ५,०००. मोठे बागायतदार म्हणतील की आमचे नुकसान जास्त, आम्हाला मते जास्त द्या. जिवाणू सातबारा पाहत नाही. सर्वांत छोट्या बागेने सहकार्य केले नाही तर सर्वांत मोठी बाग जाते, त्यामुळे छोट्याचे मत पूर्ण असणे यात मोठ्याचाच फायदा आहे. समतोल वर्गणीत साधा: वर्गणी झाडावर, मत बागेला.

सामाईक खात्यात भाऊ वेगळे कसत असतील आणि बागांचे पाणी वेगळे असेल तर प्रत्येकी एक मत. पाणी, फवारणी, विक्री एकत्र असेल तर एकच. ही कसोटी नसेल तर मतदानाआधी एका घरात सहा मते तयार होतात. ठरावाच्या तारखेनंतर झालेली वाटणी किंवा खरेदी या निवडणुकीला मोजू नका.

बाग खंडाने किंवा वाट्याने दिली असेल तर मत कसणाऱ्याला. छाटणी आणि फवारणीचा निर्णय त्याचा असतो. संमतिपत्रावर मात्र मालकाचीही सही घ्या, नाहीतर बाग काढायची वेळ आली की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

बाहेरगावच्या मालकाला अधिकारपत्रावर मत देता येईल, पण एका माणसाकडे एकच अधिकारपत्र. ही मर्यादा नसेल तर गावातला एक जण पिशवी भरून मते घेऊन येतो.

सोडून दिलेल्या बागेच्या मालकाला मत आहे, आणि त्याच्यासाठी वर्गणी माफ. त्याने बाग काढून टाकली की पुढच्या निवडणुकीत नाव आपोआप जाईल. तो नाव देत नसेल तर यादी पक्की करण्याआधी दोन माणसे त्याच्या घरी पाठवा. सहसा अडचण पैशाची असते. जेसीबीचा आणि झाडे जाळण्याचा खर्च कोण देणार, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

गट आणि जागा

वॉर्ड नका घेऊ, शिवार घ्या. ओढा, रस्ता, डोंगराची कड अशा ठळक हद्दींनी बागांचे पाच गट पाडा, प्रत्येकी २० ते ३० बागा. एकाच ओढ्याकाठच्या, एकाच वाऱ्याच्या पट्ट्यातल्या बागा एका गटात आल्या पाहिजेत. भावकीप्रमाणे गट पाडले तर निवडणूक सोपी होते आणि पाहणी अशक्य.

जागा ११ ठेवा. प्रत्येक गटातून दोन: पहिली खुली, दुसरी एका एकरापेक्षा कमी बाग असलेल्यांसाठी. महिलांच्या जागा या दहांतच गट फिरवून ठरवा. अकरावी जागा शेजारगटाची: गावाच्या हद्दीला लागून दुसऱ्या गावात असलेल्या बागांचे मालक आपल्यातून एक जण देतील. ग्रामपंचायतीची समिती हद्दीवर थांबते, तेल्या थांबत नाही. कलम ४९ च्या चौकटीत बाहेरगावचा सदस्य बसत नसेल तर त्याला कायम निमंत्रित करा आणि अकरावी जागा सर्व गटांतून मिळून भरा.

छाटणीच्या टोळीचा मुकादमही बैठकीला बोलवायचा, मताविना. एका दिवसात चार बागांत जाणारी कात्री त्याच्या हातात आहे. त्याला बाहेर ठेवून केलेला निर्जंतुकीकरणाचा नियम कागदावरच राहतो.

कोण उभे राहू शकत नाही

रोपवाटिकेचा मालक, कीटकनाशकांचा विक्रेता, फवारणीचा ठेकेदार, डाळिंबाचा व्यापारी आणि त्यांच्या एकाच घरातले लोक. ही माणसे वाईट असतात असे नाही. पण समिती रोपांच्या खरेदीवर, औषधांच्या शिफारशीवर आणि कुणाच्या बागेत रोग आहे या माहितीवर निर्णय घेते. व्यापाऱ्याला रोगाची यादी आठवडाभर आधी कळली तर तो भाव पाडतो. त्यांचा सल्ला घ्या, समितीत मत देऊ नका. त्यांची स्वतःची बाग असेल तर मतदार म्हणून हक्क राहतो.

आणखी एक अट: उमेदवाराच्या स्वतःच्या बागेची पाहणी (समितीच्या मेमधल्या पाहणीहून वेगळी) अर्ज भरण्याआधी झालेली असावी आणि तिचा निकाल अर्जासोबत लावलेला असावा. बागेत तेल्या असणे ही अपात्रता नाही. ती ठेवली तर रोग लपवायला पहिले बक्षीस आपणच दिल्यासारखे होते. पाहणी नाकारणे ही अपात्रता.

मतदान

निवडणूक अधिकारी बाग नसलेला हवा: निवृत्त मुख्याध्यापक, सोसायटीचा सचिव, शेजारच्या गावचा ग्रामसेवक. कृषी सहायकाला निरीक्षक म्हणून बोलवा, पण निकालाची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. त्याला पुढे पाच वर्षे याच गावात काम करायचे असते.

मतदान गुप्त आणि कागदी. प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाची मतपत्रिका, त्यावर नावे आणि चिन्हे (पाटी, विळा, घागर असली साधी, कुठल्या पक्षाचे नको). मतपत्रिका मतदारांपेक्षा पाचच जास्त छापा आणि उरलेल्या सर्वांसमोर फाडा. सकाळी ८ ते दुपारी १, म्हणजे दूध घालून आलेला माणूस पाण्याच्या पाळीआधी मोकळा होतो. मोजणी तिथेच, लगेच. समान मते पडली तर लहान मुलाच्या हातून चिठ्ठी. गटातल्या ५० टक्क्यांपेक्षा कमी बागांनी मत दिले असेल तर त्या गटाचे मतदान १५ दिवसांत पुन्हा घ्या. दुसऱ्यांदाही तेवढेच झाले तर निकाल मान्य.

बिनविरोध निवडीचे कौतुक गावाला फार. इथे मात्र जरा सावध राहा. बिनविरोध जागेसाठीही 'मान्य / अमान्य' असे मतदान घ्या आणि अमान्य जास्त असेल तर जागा रिकामी ठेवून पुन्हा अर्ज मागवा. पाहणीला येणाऱ्या माणसाला गटाने होकार दिला आहे, हे त्याच्या खिशात असले पाहिजे.

निवडून आलेले ११ जण पहिल्या बैठकीत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडतात. अध्यक्ष आणि खजिनदार एका गटातले नकोत. खात्यावर दोन सह्या. मुदत दोन वर्षे, दर वर्षी निम्मे गट बदलतील अशी. सगळे एकदम बदलले तर नोंदवह्या नव्या माणसांना वाचताच येत नाहीत.

वर्गणीचा हिशेब

उदाहरणार्थ गावात २०० एकर डाळिंब धरा, म्हणजे सुमारे ६०,००० झाडे. झाडामागे २ रुपये म्हणजे १,२०,००० रुपये. यातला निम्मा हिस्सा सोडलेल्या बागा काढण्यासाठी राखून ठेवा आणि ठरावात तसे लिहा. उरलेल्यात पाहणी पथकाचा रोज, निर्जंतुकीकरणासाठी सोडियम हायपोक्लोराईट, पायधुणीची घमेली, छपाई. औषधांची सामूहिक खरेदी समितीच्या खात्यातून करू नका. सगळ्यांत जास्त भांडणे तिथेच होतात.

पहिली पाहणी

पथक तीन जणांचे: एक सदस्य दुसऱ्या गटाचा, एक त्याच गटाचा, एक शिकलेला तरुण नोंदीसाठी. कुठल्याही गटाची पाहणी फक्त त्याच गटातल्या माणसांनी करायची नाही.

पानावर ओल असताना बागेत जायचे नाही. दव वाळल्यावर, साधारण दहानंतर. आधी निरोगी बागा, शेवटी रोगट. उलट क्रमाने फिरलेले पथकच रोग वाटत जाते, आणि तसे एकदा झाले की समितीला पुन्हा कुणी आत घेत नाही. प्रत्येक बागेच्या तोंडाशी चपला हायपोक्लोराईटच्या घमेल्यात बुडवा, हात साबणाने धुवा.

एकरी २० झाडे, दोन्ही कर्णांवरून तिरके चालत, शिवाय शेजारच्या बागेला लागून असलेली संपूर्ण ओळ. पान उजेडासमोर धरा. तेल्याचा ताजा ठिपका तेल सांडलेल्या कागदासारखा पारदर्शक, पाणीदार दिसतो. नंतर तो तपकिरी-काळा होतो आणि भोवती पिवळी कड येते. फांदीवर पेराजवळ काळा डाग आणि चीर, फळावर काळे ठिपके आणि एल किंवा वाय आकाराच्या भेगा. बुरशीचे ठिपकेही काळे असतात, पण उजेडात असे पारदर्शक दिसत नाहीत. शंका राहिली तर फोटोवर निर्णय नको. नमुना कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे पाठवा.

नोंद चार वर्गांत करा: रोग नाही, थोड्या झाडांवर, निम्म्यापर्यंत, निम्म्याहून जास्त. आकडे मालकासमोर लिहा, त्याची सही घ्या, एक प्रत त्याला द्या. त्याला निकाल मान्य नसेल तर सात दिवसांत दुसऱ्या पथकाकडून फेरपाहणी, तोच निकाल अंतिम.

समितीने कोणते निर्णय कसे घ्यायचे

साध्या बहुमताने: छाटणीच्या तारखा, कात्री निर्जंतुक करण्याचा नियम (२.५ टक्के सोडियम हायपोक्लोराईटमध्ये प्रत्येक झाडानंतर बुडवणे, संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन तेल लावा, नाहीतर पाते गंजते), रोगट भागाच्या दोन इंच खालून छाटणी, छाटलेले आणि गळलेले सगळे बागेबाहेर जाळणे, छाटणीनंतर एक टक्का बोर्डो. बोर्डोला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. कमी प्रतीचा चुना घेतला की मोरचूद मोकळे राहून पाने जळतात. तयार मिश्रणात विळा बुडवून पाहा, पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना हवा. स्ट्रेप्टोमायसीन-टेट्रासायक्लीनचे मिश्रण केंद्राच्या २०२१ च्या आदेशाने शेतीतून बाद ठरवले आहे. ते कुठल्याही ठरावात लिहू नका, जुन्या पत्रकांतून ते नकळत उतरून येते.

समितीच्या दोन तृतीयांश मतांनी: सोडलेली बाग काढण्यासाठी पैसे देणे, बाहेरून येणाऱ्या रोपांची तपासणी बंधनकारक करणे.

मतदार यादीतल्या दोन तृतीयांश बागांच्या मतांनी, म्हणजे समितीला एकटीला करता येणार नाही असे: संपूर्ण गावात एकच बहार धरणे आणि एकाच वेळी तीन-चार महिन्यांची विश्रांती देणे. रोगाच्या दृष्टीने हा सर्वांत परिणामकारक निर्णय आहे. गावात आंबिया, मृग, हस्त (फुलोरा सप्टेंबर-ऑक्टोबर) तिन्ही बहार चालू असतील तर बारा महिने कुठे ना कुठे कोवळी पालवी असते आणि जिवाणूची सोय होते. भर पावसातला मृग सर्वांत धोक्याचा. पण हाच निर्णय लोकांच्या पैशाला हात घालतो. कुणाचे कर्जाचे हप्ते मृगावर बसवलेले असतात, कुणाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणीच नसते म्हणून आंबिया शक्य नसतो. हे प्रश्न गटवार बैठकींत आधी सोडवा, मगच मतदान घ्या. घाईने ५१ टक्क्यांनी मंजूर केलेला एकबहार ठराव उरलेले ४९ टक्के पाळत नाहीत, आणि न पाळणाऱ्या बागा दहा असल्या तरी पुरतात.

कुणी ऐकले नाही तर

पहिल्या पाहणीनंतर १५ दिवसांची लेखी सूचना, काय करायचे ते झाडांच्या संख्येसह. मग फेरपाहणी. तरीही काही झाले नसेल तर गटाची बैठक त्याच बागेच्या बांधावर, मालक हजर असताना. त्यानंतर नाव ग्रामसभेपुढे आणि नोंदींच्या प्रतींसह अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. १९४७ च्या कायद्याखाली अधिसूचनेची मागणी करायची वेळ आली तर दोन वर्षांच्या सहीसकट पाहणी नोंदी हाच समितीकडचा खरा पुरावा असतो. वाळीत टाकणे, पाणी बंद करणे, डेअरीत दूध न घेणे असले काही करू नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि समितीचे ११ सदस्य त्यात आरोपी होतील.

सदस्य सलग तीन बैठकांना आला नाही, किंवा त्याने स्वतःच्या बागेची पाहणी नाकारली, तर जागा रिकामी. गटातल्या एक तृतीयांश बागांनी सही करून मागणी केली तर ३० दिवसांत त्या जागेवर पुन्हा मतदान. बहार धरल्यापासून फळ तोडणीपर्यंत मात्र पोटनिवडणूक घेऊ नका. तेवढे महिने मागच्या मोजणीत दुसऱ्या क्रमांकावर असलेला उमेदवार काम पाहील, आणि तो नसेल तर गटाचा दुसरा सदस्य.